मदत हवी आहे : चहा स्वस्त झाला, तरी बोस्टनकर का चिडले?

नमस्कार मंडळी. भाची अकरावीत इतिहास घेऊन शिकतेय. तिने विचारलेल्या एका प्रश्नावर मी अडकलोय.

१७६५ च्या स्टॅम्प कायद्याचं समजतं. फ्रेंचांशी झालेल्या युद्धाचं कर्ज फेडायला ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींवर छापील कागदपत्रांचा कर बसवला. तिथे त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता, म्हणून बोंब झाली आणि १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला. पुढे ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडचे आयातीवरचे कर आले. तेही १७७० मध्ये बहुतेक रद्द झाले, फक्त चहावरचा दर पौंड वजनामागे तीन पेन्सचा कर मुद्दाम ठेवला.

खरी गोची १७७३ च्या चहा कायद्याची. त्यात नवा कर नव्हताच. उलट ईस्ट इंडिया कंपनीला (हो, आपल्याकडे बंगाल गिळून बसलेली तीच!) इंग्लंडमधली जकात माफ झाली आणि नेमलेल्या अडत्यांमार्फत थेट अमेरिकेत माल विकायची मुभा मिळाली. म्हणजे चहा स्वस्तच होणार होता. तरी १६ डिसेंबरला बोस्टन बंदरात चिडलेल्या लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या.

मला वाटतं, डच चहा चोरून आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं पोट यात जास्त दुखलं असावं. भाची म्हणते, "मामा, स्वस्त चहा घेतला की कर मान्य केल्यासारखंच झालं ना?" तिचं म्हणणंही खोडता येत नाही.

जाणकारांनी सांगावं, यात तत्त्व किती आणि धंदा किती? आणि न्यूयॉर्क, फिलाडेल्फियातूनही चहाची जहाजं परत पाठवली गेली, मग बोस्टनमध्येच प्रकरण इतकं का चिघळलं? मराठीत यावर वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.