डिले घ्यावा की लूपर? बजेटात एकच बसून राहिला

सहावी_तार
नमस्कार मंडळी. सेमी-अकूस्टिक गिटार आणि १५ वॉटचा साधा प्रॅक्टिस अँप आहे, अँपच्या मागे इफेक्ट्स लूप (अँपच्या गेननंतर पेडल जोडायची जागा) नाही. नागपुरात धरमपेठेतल्या कॅफेत दोन तासांचं सोलो गाणं-गिटार असते, आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात लीड वाजवायची असते. एकच पेडल घेणं होईल: वाजवलेल्या सुरांचा प्रतिध्वनी देणारा डिले, नाही तर वाजवलेला तुकडा भरून पुन्हा पुन्हा फिरवणारा लूपर. सेकंडहँड बॉस डीडी-३ डिले स्वस्तात मिळून राहिला आहे. त्यात होल्ड मोड (वाजवलेलं धरून फिरवत ठेवणारा) आहे म्हणतात, म्हणजे लूपरचंही काम भागेल का? नाही तर टीसीचा डिट्टो किंवा बॉसचा आरसी-१ हे लूपर पाहून राहिलो. पॉवरचं काय करावं तेही सांगा.

पेडलखोर
भाऊ, डीडी-३च्या होल्डवर लूपरची आशा ठेवू नका. त्याची मेमरीच ८०० मिलीसेकंदांची आहे. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) एक ठोका ६६७ मिलीसेकंदांचा, म्हणजे होल्डमध्ये एक ठोका आणि वर जराशी चिमूट बसते. कॉर्डची एक भिरभिरी पकडून वर दोन नोट्स वाजवायला ठीक, गाण्याचा अंतरा त्यात मावत नाही.

लूपला किती वेळ लागतो ते कागदावर काढा: ठोके गुणिले ६०, भागिले बीपीएम. ९० बीपीएमला चार बार म्हणजे १६ ठोके, १०.७ सेकंद. बारा बारचा ब्लूज १०० बीपीएमला २८.८ सेकंद घेतो, तोच ७०ला नेला की ४१.१. बॉस डीडी-७ डिलेचा होल्ड ४० सेकंदांचा आहे, म्हणजे संथ ब्लूजमध्ये शेवटचा ठोका आणि वर थोडं बाहेरच राहणार. जुन्या लाइन ६ डीएल४ डिलेचा लूपर १४ सेकंदांचा. डिट्टोत ५ मिनिटं मिळतात, आरसी-१मध्ये १२. एवढं झाल्यावर वेळेचा हिशेबच सुटतो.

आणि डिलेच्या पोटातल्या लूपरची दुसरी गोची म्हणजे नॉब एकच. बहुतेक छोट्या पेडलांत मोड लूपवर नेला की डिले गेला. कॉर्ड लूपवर ठेवून वरच्या सोलोला डिले द्यायचा, हे एका छोट्या पेडलात सहसा होत नाही.

कॅफेत एकटे असाल तर लूपर घ्या. ऑर्केस्ट्रात लूपर पेटीतच राहील, तिथे डिले लागतो. तुमचे जास्त तास कुठे जातात ते पाहा.

ढोलकीच्या_शेजारी
ऑर्केस्ट्रात लूपर काऊन चालत नाही, ते नीट समजून घ्या, कारण दोन्ही पेडलांतला खरा फरक तिथेच आहे.

डिलेची वेळ थोडी चुकली तरी चूक साठत नाही. १०० बीपीएमला डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण ठोका, ४५० मिलीसेकंद होतो (६०,००० भागिले बीपीएम, गुणिले पाऊण). तुम्ही ४६० ठेवला तरी प्रत्येक नोट आपला प्रतिध्वनी नव्याने सुरू करते, चूक १० मिलीसेकंदांचीच राहते. लूपरची चूक मात्र दर आवर्तनाला वाढत जाते. पाय १०० मिलीसेकंद उशिरा पडला तर दहा फेऱ्यांनंतर तुम्ही ढोलकीवाल्यापासून एक सेकंद लांब असता. त्यातून आपल्याकडे दुसऱ्या कडव्यानंतर लय चढतेच. माणूस लूपच्या मागे जाऊ शकतो, लूप माणसाच्या मागे येत नाही. ढोलकीवाल्याला मॉनिटरमध्ये (त्याच्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये) लूप मोठ्याने दिला तरच जमेल, आणि मांडवात तेवढा मॉनिटर कोण देते?

आता पाय कधी टाकायचा. पहिला दाब (रेकॉर्ड सुरू) समेवर, दुसरा दाबही (रेकॉर्ड बंद, लूप सुरू) समेवर. शेवटचा स्ट्रोक संपला म्हणून लगेच दाबू नका, पुढची सम येऊ द्या. केरव्यात आठ मात्रा पूर्ण, नववी म्हणजेच नवी सम, तिथे पाय. दादऱ्यात सातवीवर, रूपकात आठवीवर. नुसत्या लूपरला ताल कळतच नाही, त्यामुळे सात मात्राही निमूट फिरवतो. तालाचे पॅटर्न आत असलेले लूपर घेताना मात्र तुमचा ताल त्यांत आहे का ते आधी पाहा. दुसऱ्या दाबाच्या वेळी हात थांबवू नका, वाजवत राहा. पाय पाहायला हात थांबला की सांध्यावर भोक पडते आणि ते प्रत्येक फेरीत ऐकू येते.

सरावाला मेट्रोनोम ८०वर, एकच कॉर्ड, आणि तारा दाबून नुसते ‘चक-चक’. म्यूट स्ट्रोकात सांध्याची चूक लगेच उघडी पडते. वाजत्या कॉर्डमागे ती लपते.

सहावी_तार
म्हणजे कॅफेसाठी लूपर नक्की. डिले पुढे घेतला तर कोणाच्या आधी कोण लावायचा?

पेडलखोर
गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल), डिले, लूपर, मग अँप. लूपर शेवटी, म्हणजे कॉर्ड कोरड्या भरून सोलोच्या वेळी डिले सुरू करता येतो आणि भरलेल्या कॉर्डना धक्का लागत नाही. उलटं लावलं तर डिले दाबताच अख्खा लूप डिलेत बुडतो. काहींना हेच हवं असते, पण गाण्याच्या साथीला चिखल होतो.

लूपर शेवटी ठेवला की एक अडचण येते: डिलेसकट लूप भरला तर शेवटच्या नोटची शेपटी सांध्यावर कापली जाते आणि ‘टप’ असं ऐकू येते. उपाय असा, दुसऱ्या दाबाला लूपर थेट ओव्हरडबमध्ये (भरलेल्या लूपवर आणखी थर भरणं) जाईल असं सेटिंग ठेवा (काही लूपरांत रेकॉर्डनंतर प्ले की ओव्हरडब, हा क्रम बदलता येतो). म्हणजे शेपटी पुढच्या फेरीच्या सुरुवातीवर चढते. एक फेरी गप्प राहून मग ओव्हरडब बंद करा. सेटिंग नसेल तर फीडबॅक कमी करून दोन-तीनच प्रतिध्वनी ठेवा.

तुमच्या अँपला इफेक्ट्स लूप नाही म्हणून एक पथ्य: अँपचा गेन खाली ठेवा, स्वच्छ आवाज. अँपच्या ड्राइव्हमध्ये दोन थर एकत्र गेले की ते एकमेकांवर पिळवटतात आणि कॉर्ड ओळखू येत नाही. घाण करायची ती लूपरच्या आधीच्या पेडलने करा.

थर तीनच्या वर नको. पहिला थर गिटारचा व्हॉल्यूम ७वर ठेवून, जाड तारांवर, हलक्या हाताने. दुसरा वरच्या तीन तारांवर, वेगळ्या पोझिशनला. सोलोला व्हॉल्यूम १०. पहिलाच थर जोरात भरला तर वर काहीही वाजवा, दबते.

सोल्डर_सदर
पॉवरचं मी सांगतो, कारण ‘पेडल खराब निघालं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत पेडल बरेचदा चांगलंच असते.

एकाच अडॅप्टरवरून माळ काढून ओव्हरड्राइव्ह आणि डिजिटल पेडल एकत्र चालवले की बारीक ‘ची…’ असा आवाज येतो. ती डिजिटल सर्किटची घड्याळी कुरकुर, सामायिक तारेतून दुसऱ्या पेडलात शिरते. जाडा ‘हम्म’ वेगळा, तो ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा, अर्थिंगचा किंवा पिकअपचा. ओळखायची रीत सोपी: लूपरला स्वतंत्र अडॅप्टर द्या. ‘ची’ गेली तर दोष माळेत. मग आयसोलेटेड आउटपुटचा (प्रत्येक पेडलला वेगळी वाट देणारा) सप्लाय घ्या किंवा दोन अडॅप्टर ठेवा.

डिट्टोला ९ व्होल्ट, १०० मिलीअँपिअर लागतात, आणि त्यात बॅटरीची जागाच नाही. बाकी पेडलांचा आकडा तळाच्या पट्टीवर छापलेला असतो, त्यावर पाव भाग जास्त धरून अडॅप्टर घ्या. पिन मध्ये निगेटिव्ह. कीबोर्डचा अडॅप्टर बसला म्हणून लावू नका, त्यात मध्ये पॉझिटिव्ह किंवा १२ व्होल्ट असू शकतात. सीताबर्डीत ‘नऊ व्होल्ट, कोणालाही चालते’ म्हणून मिळणारे अडॅप्टर मल्टिमीटरने मोजून घ्या. बिनरेग्युलेटेड असेल तर भार नसताना बरेच जास्त व्होल्ट दाखवते.

मांडवात जनरेटर असेल तर अँप आणि पेडलांचा सप्लाय एकाच बोर्डवरून घ्या, दोन वेगळ्या कोपऱ्यांतून नको. वेगवेगळ्या अर्थिंगमुळे हम येतो. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून हम घालवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका, तारांना हात लावलेल्या माणसाने माइकला ओठ लावले की झटका बसतो.

अजून एक आपल्या गावचं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना बोर्ड गाडीत ठेवू नका. वेल्क्रोचा गोंद पातळ होतो, पेडल सरकते, तळाची पट्टी चिकट होते आणि आकडे वाचता येत नाहीत. झिप टाय बांधा.

ढोलकीच्या_शेजारी
लूप थांबवण्याबद्दल राहिलं. एका स्विचच्या लूपरला थांबवायला दोन झटपट दाब लागतात. पहिल्या दाबाला क्षणभर ओव्हरडब सुरू होते, म्हणून त्या वेळी तारा दाबून धरा. आरसी-१ घेतला तर स्टॉपला बाहेरचा स्विच लावता येतो. एफएस-५यू घ्या, एफएस-५एल नको. एल दाबला की अडकून राहतो, यू सोडला की परत येतो, इथे परत येणाराच हवा.

सहावी_तार
आणि गणपतीपर्यंत डिलेचं काय?

पेडलखोर
दोन्ही एकाच डब्यात हवे असतील तर झूम जी१ फोर पाहा. लूपर ३० सेकंदांचा, एका वेळी पाच इफेक्ट, त्यात डिले आलाच. वर काढलेल्या हिशेबाने १०० बीपीएमचा बारा बार त्यात जेमतेम बसतो, संथ गाणं नाही. कॅफेतली गाणी चार-आठ बारच्या फेऱ्यांवर असतील तर ३० सेकंद पुरतात. मोठे अंतरे भरणार असाल तर डिट्टो घ्या आणि डिले मागून. तेव्हा अ‍ॅनलॉग घ्यायचा झाला तर एमएक्सआर कार्बन कॉपी ६०० मिलीसेकंदांपर्यंत जातो, प्रतिध्वनी मऊ असतात, गायकाच्या आड येत नाहीत. टॅप टेम्पोचं (ठोके देऊन डिलेची वेळ ठरवायचं) बटन नाही, म्हणजे नॉब कानाने फिरवावा लागेल. ऑर्केस्ट्रात दर गाण्याला लय बदलते, तिथे मी टॅपवाला डिजिटलच घेईन. डीडी-३ विकणाऱ्याकडे जाणारच असाल तर आपली केबल घेऊन जा, जॅक हलवून पाहा, आणि फीडबॅक पूर्ण वर नेऊन नॉब फिरवताना खरखर येते का ते ऐका. आवाज तेव्हा वाढतच जातो, अँपचा व्हॉल्यूम आधी खाली करा.