मदत हवी आहे: 650 आरपीएमचं (मिनिटाला 650 फेरे) ऑइल इंजिन 500 वर चालवायचंय

आजोबांच्या वेळचं लिस्टर टाइपचं (जुन्या इंग्लिश लिस्टर कंपनीच्या धर्तीचं) 6 हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, दोन जड फ्लायव्हीलवालं, 650 आरपीएमचं. विहिरीला पाणी कमी म्हणून छोटा पंप बसवलाय, तेव्हा 500 वर चालवून डिझेल वाचवायचंय. पंपाचा वेग पडला तर पाणी वर चढणार नाही, म्हणून इंजिनची पुली मोठी केली. पण वेग कमी करायला गव्हर्नरची (इंजिनचा वेग कायम राखणाऱ्या भागाची) स्प्रिंग ढिली केल्यापासून इंजिन हेलकावे खातं, 'धुक्...धुक्' करता करता मधेच दम सोडतं. डिझेल फवारणारं नोझल तपासलं, फवारा छान आहे. कमी वेगाला इंजेक्शन (डिझेलचा फवारा) थोडं उशिरा हवं ना? मग डिझेल पंपाला खालून ढकलणाऱ्या टॅपेटचा स्क्रू किती खाली घेऊ? मिस्त्री म्हणतो, "चालतंय ना, कशाला हात लावताय!" कुणी स्वतः केलंय का?