मियाटा खाली बसवायची की आधी शॉकअपवर पैसे घालायचे?

नोव्हायकर:
माझ्याकडे १९९५ ची माझ्दा मियाटा आहे, दोन सीटची उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार, १.८ लिटर इंजिनवाली. मिशिगनमध्ये आहे त्यामुळे रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ती गॅरेजात जाते ती एप्रिललाच बाहेर येते. चारही शॉकअप गेलेत, मागच्या दोघांतून तेल गळतंय, म्हणजे बदलायचे तर आहेतच, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो, खोलतोयसच तर कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची कमी-जास्त करता येणारा सेट) टाक आणि गाडी दीड इंच खाली घे. मला हे अजिबात पटत नाही. या गाडीत चाकाला वर जायला मुळातच जागा कमी आहे, थोडं दाबलं की शॉकअप बंप स्टॉपला, म्हणजे शेवटी धक्का अडवणाऱ्या रबराला टेकतो. समजा टेकायच्या आधी ६० मिमी जागा आहे आणि तुम्ही गाडी ३५ मिमी खाली घेतली, तर उरले २५, आणि तेवढं तर इथला एक साधा खड्डा खातो. बंप स्टॉप लागला की त्या चाकापुरता स्प्रिंग एकदम कितीतरी पट कडक होतो, हे वळणात झालं तर पकड अचानक सुटते. पुढचं चाक असेल तर गाडी सरळ जायला बघते, मागचं असेल तर शेपूट बाहेर येते आणि २२६५ मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडीत शेपूट सावरायला वेळ फार थोडा मिळतो.

ही गाडी १९८९ मध्ये आली तेव्हा तिच्यापुढे आदर्श होता १९६२ च्या लोटस एलानचा, आणि एलानची खुबीच ही की स्प्रिंग मऊ, चाकाला हलायला भरपूर मोकळीक, आणि ताबा ठेवायचं काम शॉकअपकडे. म्हणून माझा बेत असा: स्प्रिंग ओरिजिनल, उंची ओरिजिनल, शॉकअप बिलस्टीन कंपनीचे मोनोट्यूब (एकाच नळीचे), वरचे माउंट पुढच्या पिढीच्या एनबी मियाटाचे कारण त्यांनी शॉकअपला थोडी जास्त जागा मिळते, बंप स्टॉप नवे, आणि गाडी झुकते ते कमी करायला पुढचा अँटीरोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळाचा दांडा, जाड. कोणाला विरोध करायचाय त्यांनी बिनधास्त करा.

ट्रॅकवाला_ग्रँडरॅपिड्स:
मी करतो विरोध. आधी साधा हिशोब बघा, ड्रायव्हर धरून गाडी १०८० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६० मिमी धरू, दोन चाकांमधलं अंतर १४१५ मिमी. वळणात एक जी (गाडीच्या वजनाएवढा बाजूचा जोर) लागला की आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर साधारण ३५० किलो भार जातो. तोच मध्य २५ मिमी खाली आणा, ३३२ च्या आसपास येतो. पाच टक्के झाले, आणि हे पाच टक्के प्रत्येक वळणात, प्रत्येक ब्रेकला मिळतात, पेट्रोल न जाळता. दुसरं म्हणजे तुमचा ६० मधून ३५ गेलेचा हिशोब स्वस्तातल्या स्प्रिंगांना लागू आहे, ज्या ओरिजिनल लांबीच्या शॉकअपवर चढवतात. चांगल्या कॉइलओव्हरमध्ये शॉकअपची बॉडीच आखूड असते, त्यामुळे खाली घेऊनही दाबायला जागा शिल्लक राहते आणि स्प्रिंग कडक असल्याने ती जागा कमी वापरली जाते. जिंजरमॅनच्या रेस ट्रॅकवर चिकट टायर लावून ओरिजिनल स्प्रिंगवर जा, गाडी एवढी कलते की बाहेरचा टायर खांद्यावर चालतो, दुपारपर्यंत कडा गेलेली असते. उंची, स्प्रिंग आणि शॉकअप हा एकच निर्णय आहे, तुम्ही त्याचे तुकडे करताय.

स्प्रिंगरेट_पुणे:
नमस्कार, माझं कामच सस्पेन्शनचं आहे म्हणून मध्ये पडते. ट्रॅकवाले दादा, पाच टक्क्यांचं गणित बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत. गाडी खाली आली की विशबोनचे (चाक धरणारे आडवे हात) कोन बदलतात आणि रोल सेंटरसुद्धा, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, खाली जातो, बऱ्याच गाड्यांत तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. गाडीला कलवणारी दांडी असते या दोघांमधल्या अंतराएवढी, म्हणजे ती लांब झाली. नुसतं खाली घेऊन स्प्रिंग तीच ठेवली तर गाडी आधीपेक्षा जास्त कलू शकते. मॅकफर्सन स्ट्रटच्या (वरच्या विशबोनच्या जागी शॉकअपच चाक धरतो अशा) गाडीत हे फारच वाईट असतं, मियाटाला चारही बाजूंना डबल विशबोन आहेत म्हणून कमी, पण आहे. शिवाय टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतची दांडी) कोन बदलला की खड्ड्यात चाक स्वतःहून वळायला बघतं, ते वेगळंच.

आता शॉकअपचं. स्प्रिंग दीडपट कडक केली तर तेवढाच ताबा ठेवायला डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा विरोध, दीडपट लागत नाही, वर्गमुळाने वाढतं, म्हणजे साधारण २२ टक्के. ऐकायला थोडं वाटतं पण जुन्या शॉकअपकडे ते नसतंच, म्हणून नुसत्या स्प्रिंगा बदललेली गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डुलत राहते आणि मालक म्हणतो कडक झाली. कडक नाही झाली हो, मोकाट झाली. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकअपला रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडतानाचा विरोध) वाढवता येतो तो याच कामाला येतो. नोव्हायकर, तुम्ही डेट्रॉइटच्या शेजारीच राहता म्हणून सांगते, मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये कॅडिलॅकला आला आणि त्याने चाचण्या करून दाखवलं की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ असावी, म्हणजे उंचवटा आधी पुढच्या चाकाखाली येतो, मागच्या चाकाखाली एक क्षण नंतर, पण मागची बाजू जरा भरभर हलते म्हणून दोन्ही एका लयीत येतात आणि गाडी पुढे-मागे डोलत नाही. कॉइलओव्हर घेताना लोक पुढे-मागे स्प्रिंग किती हे विचारतच नाहीत, किती खाली जाते एवढंच विचारतात.

काळी_मियाटा_एडिसन:
तुम्ही सगळे हिशोबाचं बोलताय म्हणून एक साधं मत मांडतो. गाडी बघायला चांगली वाटली पाहिजे. पार्क करून निघताना मागे वळून बघावंसं वाटत नसेल तर स्पोर्ट्स कार कशाला घेतली? १४ इंची चाकं आणि वर हाताचा पंजा जाईल एवढी फट, ती या सुंदर गाडीवर अन्याय आहे. माझी २० मिमीच खाली आहे, १५ इंची चाकं, कुठे घासत नाही. पोर्शेसुद्धा केमन गाडीला पीएएसएम स्पोर्ट या सस्पेन्शनच्या पर्यायात २० मिमी खाली द्यायची, ते काय वेडे आहेत का.

नोव्हायकर:
एडिसनवाले, पोर्शे २० मिमी खाली द्यायची तेव्हा त्या उंचीसाठी स्प्रिंग, शॉकअप, बंप स्टॉप सगळं एकत्र बसवून द्यायची, नुसती गाडी खाली पाडत नव्हती. दिसण्याबद्दल भांडण नाही, २० मिमी मीही सहन करीन, मला राग दीड-दोन इंचांचा आहे. ट्रॅकवाले दादा, आखूड बॉडीचं मान्य, पण ते ज्या कॉइलओव्हरमध्ये नीट केलेलं असतं त्याची किंमत बिलस्टीनच्या सेटच्या दुप्पट-तिप्पट जाते, स्वस्तातल्या सेटमध्ये डॅम्पिंग कुठल्या स्प्रिंगसाठी बनवलंय हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि एससीसीए या अमेरिकन मोटरस्पोर्ट संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या जागेत शंकू मांडून वेळेची शर्यत) स्ट्रीट वर्गाचे नियम बघा, स्प्रिंग आणि उंची कंपनीची तीच ठेवायची, शॉकअप मात्र बदलता येतात आणि एक अँटीरोल बार. तिथे लोक ओरिजिनल उंचीवर, महागातले शॉकअप लावून शंकूंमधून गाडी अशी फिरवतात की बघत राहावं. ट्रॅकवाले दादा, ग्रॅटनच्या रेस ट्रॅकवर तर तुम्ही गेला असालच, तिथे चढावरून गाडी हलकी होऊन खाली येते तेव्हा चाकाला जागा नसेल तर काय करणार?

मिल्टनकीन्सकर:
इकडे इंग्लंडमध्ये या गाड्या खूप आहेत, जपानहून आलेल्या युनोससुद्धा (तिकडे मियाटा याच नावाने विकली गेली), आणि गावाकडचे आमचे रस्ते म्हणजे अरुंद, उंचसखल, मध्येच पॅच मारलेले. अशा रस्त्यावर मऊ गाडी वेगात जाते हे मी छातीठोक सांगतो, कडक गाडी हवेत उडते आणि हवेत टायरला पकड नसते. पण वाद बाजूला ठेवून एक कामाचं सांगतो जे कोणी बोललं नाही. उंची बदलणार असाल तर विशबोनच्या सांध्यांतले सगळे रबर बुश सैल करा आणि गाडी चाकांवर उभी असताना, नव्या उंचीवर, परत आवळा. जॅकवर लटकलेली असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी विनाकारण कडक वाटते आणि बुश लवकर फाटतात. किती जण शॉकअपला शिव्या घालतात आणि दोष या बुशांचा असतो. दुसरं, अलाइनमेंटचे ते एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की चाकाचा कोन बदलतो ते) गंजून जाम होतात, मिशिगनच्या मिठात तर नक्कीच, तेव्हा काम करायच्या आठवडाभर आधीपासून रोज तेल मारत राहा. ते फिरले नाहीत तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) जुळवता येणार नाही, मग उंचीची सगळी चर्चा फुकट. आणि उंची जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की आकडा बदलतो, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा.

ट्रॅकवाला_ग्रँडरॅपिड्स:
बुशांचं अगदी खरं. त्यात भर घालतो, कॉइलओव्हर असेल तर चारी कोपऱ्यांचं वजन ड्रायव्हर बसवून तोलून घ्या. एका कोपऱ्याची स्प्रिंग वर केली की त्या चाकावर आणि तिरक्या समोरच्या चाकावर भार वाढतो, डोळ्यांना उंची सारखी दिसते आणि गाडी डावीकडे एक, उजवीकडे दुसरीच वागते. स्ट्रीट वर्गातले लोक वेगात जातात ते नियमांनी हात बांधलेत म्हणून, ज्या वर्गात स्प्रिंगला परवानगी आहे तिथे ओरिजिनल उंचीवर कोण राहतं ते दाखवा मला.

स्प्रिंगरेट_पुणे:
ते वर्ग स्पर्धेचे आहेत दादा, हे गृहस्थ रोज ऑफिसला जाणार आहेत. मला कोणीतरी खासगीत विचारलं की पुण्यात अशी गाडी खाली घेतली तर स्पीडब्रेकरचं काय, तर तेही इथेच सांगते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणात गोल उंचवटा १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर लांब असतो, गोलाई १७ मीटरची. २२६५ मिमीच्या व्हीलबेसची गाडी त्याच्या माथ्यावर असताना पोटाखालचे फक्त ३८ मिमी खर्च होतात, कारण चाकंही उंचवट्यावरच असतात. खाली टेकतात ते सोसायटीच्या दारातले मनाने बांधलेले अरुंद गतिरोधक, तिथे पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची आणि अख्खी उंची मध्ये पोटाखाली. तिथे २० मिमीसुद्धा महाग पडतात.

नोव्हायकर:
ताई, हे आकडे कोणी असे सांगत नाही, मनापासून आभार. माझं ठरलं, ओरिजिनल उंचीच. बुश एप्रिलमध्ये गाडी चाकांवर ठेवूनच आवळणार.

ट्रॅकवाला_ग्रँडरॅपिड्स:
ठरलं तर ठरलं, पण एक करा. शॉकअप बसवताना प्रत्येकाच्या दांड्यावर एक झिप-टाय घट्ट बांधा, बॉडीला चिकटून. शॉकअप जेवढा दबेल तेवढा तो वर सरकतो आणि तिथेच थांबतो. महिनाभर नेहमीच्या रस्त्याने चालवा आणि तो बंप स्टॉपपासून किती लांब राहिला ते मोजून इथे आकडे टाका, चारही चाकांचे. जागा भरपूर उरलेली निघाली तर तेवढे मिलीमीटर गाडी खाली न घ्यायला तुमच्याकडे कारण उरणार नाही.

नोव्हायकर:
मान्य. आणि झिप-टाय बंप स्टॉपला टेकलेला निघाला तर तुम्ही तुमच्या गाडीचे आकडे टाकायचे.