मदत हवी आहे: गडद कागदावर सोनेरी ठसा स्वच्छ कसा उठवायचा?

नमस्कार मंडळी,
यंदा दिवाळीची शुभेच्छापत्रं घरीच करतेय. पणतीचा आणि पैठणीच्या मोराचा असे दोन रबर स्टॅम्प आहेत, कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), गडद जांभळा. साधी डाय इंक पारदर्शक, ती जांभळ्यावर दिसतच नाही. म्हणून पिगमेंट शाईचा (दाट, सावकाश वाळणारी शाई) ठसा, तो ओला असतानाच वर सोनेरी एम्बॉसिंग पावडर, जास्तीची झटकायची आणि मग हीट गनची (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) हवा. पावडर वितळून ठसा फुगतो, चकाकतो, तेव्हा फार देखणा दिसतो! (हेअर ड्रायर कृपया सुचवू नका. त्याची हवा पुरेशी गरम नसते, पावडर वितळण्याआधीच उडून जाते.)

अडचण अशी की ठशाबाहेरही सोनेरी कण चिकटतात आणि तिथेच वितळतात. आधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवली की हे बरंच थांबतं, पण जांभळ्यावर पांढरट छटा राहते. ती तुम्ही कशाने काढता? शिवाय मोराच्या पिसाऱ्यातल्या बारीक रेघा बुजतात. त्यासाठी बारीक दाण्याची एम्बॉसिंग पावडर पुण्यात कुठे मिळेल?