मदत हवी आहे: वेल्सच्या डेअरी सोसायटीच्या बिल्ल्यावरच्या चिन्हांचा अर्थ

वेल्समधल्या एका जुन्या डेअरी सोसायटीचा इनॅमलचा बिल्ला मिळालाय, डेअरी टेक्नॉलॉजीच्या प्रदर्शनात लावायचाय आणि खाली मराठीत चार ओळी लिहायच्यात. वर लाल ड्रॅगन, मधे काळी गाय, खाली पांढऱ्या-निळ्या नागमोडी पट्ट्या. कडेची अक्षरं झिजलीत, फक्त 'ल्लाइथ' म्हणजे दूध एवढं वाचता येतं. उत्तर वेल्समध्ये बोलताना दुधाला ल्लेव्रिथ म्हणतात, म्हणून सोसायटी दक्षिणेकडची असावी असं धरून चाललोय. मागे साल, शिक्का काहीच नाही. ड्रॅगनवरूनही काळ ठरत नाही, लाल ड्रॅगनचा वेल्सचा झेंडा अधिकृत झाला १९५९ला पण ड्रॅगन पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या सातव्या हेन्रीने १४८५च्या बॉसवर्थच्या लढाईतसुद्धा वापरला होता.

गाय वेल्श ब्लॅक या वेल्सच्या जातीचीच आहे याची मला खात्री आहे, भिंगातून बघितलं तर शिंगं पांढरी आणि फक्त टोकं काळी, कारागिराने इतकं बारीक काम केलंय की बघत राहावं. ही जात पूर्वी दूध आणि मांस दोन्हीसाठी पाळायचे पण नंतर दुधासाठी सगळीकडे फ्रिझियन जातीच्या गायीच आल्या, मग डेअरीवाल्यांनी काळी गाय घेतली ती जुन्या काळची म्हणून की वेल्सची ओळख म्हणून?

आणि मेन अडलंय ते पट्ट्यांवर. ब्रिटिश हेराल्ड्रीत (ढाली-बिल्ल्यांवरच्या चिन्हांच्या शास्त्रात) पांढऱ्या-निळ्या नागमोडी पट्ट्या म्हणजे पाणी, नदी, हे माहितीये. नुसतं 'पांढरा म्हणजे दूध' असं अंदाजाने लिहायचं नाहीये. डेअरीच्या चिन्हात या पट्ट्या दूध म्हणून वापरल्याचं कोणी पक्कं उदाहरण बघितलंय का?