मदत हवी आहे: जुन्या मारुती ओम्नीचं आयडलिंग, आधी कुठला स्क्रू?

१९९६ची कार्बोरेटरवाली ओम्नी, ७९६ सीसी. फक्त पेट्रोल, गॅस किट नाही, एसीही नाही. थंड असताना छान चालते. इंजिन गरम झालं की सिग्नलला आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) खाली येतं आणि गाडी बंद. आयडल स्क्रू आवळला तर बंद पडत नाही, पण मग क्लच दाबल्यावर रेस पटकन उतरत नाही, नुसती घोंघावते.

प्लग, पॉइंट, एअर फिल्टर नवे आहेत. टायमिंग तपासलंय. चोक पूर्ण उघडतो, अॅक्सिलरेटरची केबल अडकत नाही. व्हॅक्यूमच्या नळ्यांवर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर कार्ब क्लीनर मारला, आवाज बदलला नाही, म्हणजे बाहेरची हवा खेचत नसावी. ‘कार्बोरेटरच बदला’ हा सल्ला मिळालाय, तो तूर्त नको.

मिक्स्चर स्क्रूला (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) हात लावलेला नाही. पीयूसी जवळ आलीय आणि धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांच्या आत हवा. गाडीत आरपीएम मीटर नाही, पण टॅकोमीटर उसना मिळेल.

तर गरम इंजिनवर आधी आयडल स्क्रूने आरपीएम बसवून मग मिक्स्चर फिरवायचा, की उलट? आणि दोष स्लो जेटचा (आयडलिंगला पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक छिद्र) निघाला, तर इंजिनावरची सीट उचलून तो जागेवरच साफ होतो की कार्बोरेटर उतरवावाच लागतो?