पिकअपवरची मशीनगन भारी की जाड पत्र्याची चिलखती गाडी? युक्रेनने काय दाखवलं

कोरा_कागद (धागाकर्ता)

युक्रेनमधल्या शस्त्रांवर बोलणं निघालं की चर्चा लेपर्ड नि एब्रम्स या पाश्चात्त्य रणगाड्यांपाशी येऊन अडते. तेच ते फोटो, तोच तो वाद, रणगाडा संपला की नाही. मला हा वादच भलत्या जागी चाललेला वाटतो. गाडी कोणती हे नंतर. तिच्यावर काय बसवलंय, ते कशावर चालवायचंय आणि उडवलेल्या गोळीचा खर्च समोरच्या लक्ष्याच्या मानाने परवडतो का, हे आधी बघा.

या हिशेबात माझा पहिला नंबर साध्या पिकअपचा. सप्टेंबर २०२२ पासून रशियाने इराणी शाहेद-१३६ हे लक्ष्यावर आदळून फुटणारे ड्रोन वापरायला सुरुवात केली (रशियन नाव गेरान-२). वेग ताशी १८५ किमीच्या आसपास, पोटात ५० किलोच्या घरात स्फोटकं, किमतीचे अंदाज २० ते ५० हजार डॉलर. त्यावर पेट्रियट या अमेरिकन हवाई संरक्षण यंत्रणेचं ३०-४० लाख डॉलरचं क्षेपणास्त्र सोडणं म्हणजे रशियाला हवं तेच करणं. युक्रेनने काय केलं? पिकअपच्या हौद्यात सोव्हिएत काळातली १२.७ मिमी डीएसएचके किंवा अमेरिकन ब्राउनिंग एम२ मशीनगन ठोकली, सोबत सर्चलाइट, थर्मल दुर्बीण आणि इशारे दाखवणारा टॅबलेट दिला, आणि पथकं रात्री शाहेदच्या वाटेवर नेऊन उभी केली. काही पथकांकडे तर १९१० च्या नमुन्याची मॅक्सिम होती, दोन-दोन जोडलेल्या! शंभरी पार केलेल्या बंदुकीने विमानविरोधी ड्यूटी करावी, याहून मोठा पुरावा काय हवा?

आणि हे नवं नाही. १९८७ मध्ये चाडच्या सैन्याने टोयोटा पिकअपवर बसून आधी फादा आणि मग वादी दुम इथे लिबियाचे रणगाडे अक्षरशः लुटले. त्या लढाईचं नावच टोयोटा युद्ध पडलं.

लेपर्डच्या किमतीत किती पिकअप उभे राहतील याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

उलटा_पाना

साफ असहमत. आधी चाडचं निस्तरतो, कारण हे उदाहरण प्रत्येक चर्चेत अर्धवटच येतं. त्या टोयोटांवर फ्रान्सने दिलेली मिलान रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं होती. समोर लिबियाचं सैन्य तळाभोवती सुरुंग पेरून आत बसलेलं, लढायची इच्छा नसलेलं. आणि मैदान उघडं वाळवंट, गाडी हवी तिकडून घालावी. चाडकडे हसन जामूससारखा सेनापती होता हेही विसरू नका. यातलं पिकअपचं श्रेय किती?

आता युक्रेन. 'गाडी कोणती हे नंतर' हे वाक्य आघाडीवरच्या पायदळासमोर म्हणून दाखवा. पायदळाला नेणाऱ्या दोन चिलखती गाड्या घ्या: सोव्हिएत बीएमपी-२ वर ३० मिमीची तोफ, अमेरिकन ब्रॅडलीवर २५ मिमीची. तुमच्या तर्काने सैनिकांनी बीएमपी मागायला हवी. मागतात ब्रॅडली. का? जून २०२३ मध्ये दक्षिण युक्रेनमधल्या माला तोकमाचकाजवळ ब्रॅडली आणि लेपर्ड सुरुंगांत अडकले, त्याचे फोटो जगभर फिरले, सगळ्यांनी दात काढले. पण त्या गाड्यांतली बरीच माणसं चालत बाहेर आली. बीएमपी-१ च्या मागच्या दारांमध्ये इंधनाची टाकी असते. जवानांनी उतरायचं त्याच दारात! सोव्हिएत टी-७२ रणगाड्यामध्ये बुरुजाखालच्या चक्रात २२ गोळे मांडलेले असतात, आणि आत ठिणगी पोचली की बुरूज हवेत. हे सगळं तोफेचं नव्हे, गाडीच्या रचनेचं गणित आहे.

पिकअप ही दुधाची तहान ताकावर भागवण्याची सोय आहे. सोय म्हणून उत्तम. तिचा सिद्धांत करू नका.

कोरा_कागद

@उलटा_पाना, आघाडीच्या खंदकापर्यंत पिकअप न्या असं मी कुठं म्हटलं? लक्ष्य बघा म्हटलं. आणि ब्रॅडलीचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. जानेवारी २०२४, पूर्व युक्रेनमधल्या अवदीवकाजवळचं स्तेपोवे. दोन ब्रॅडलींनी रशियाचा टी-९०एम रणगाडा गाठला. २५ मिमीच्या गोळ्यांनी त्याचं चिलखत फुटत नव्हतं, तरी सतत मारा करून दुर्बिणी आणि सेन्सर फोडले. बुरूज गरागरा फिरत सुटला, रणगाडा निकामी. जाड चिलखत कुणाचं होतं आणि भराभर मारणारी तोफ कुणाकडे होती?

उलटा_पाना

आणि त्या ब्रॅडलीऐवजी तिथे पिकअप असता तर पहिल्या गोळ्यालाच विषय संपला असता. तोफेला तेवढा वेळ चालवत ठेवलं ते गाडीनेच ना?

दारूगोळा_खातं

दोघांच्या मध्ये पडतो. शाहेदवर पिकअपच का, गेपार्ड का नाही? लेपर्ड-१ च्या चासीवर रडार आणि ३५ मिमीच्या दोन तोफा. जर्मनीने २०१० च्या सुमारास मोडीत काढलेली ही गाडी जुलै २०२२ पासून युक्रेनमध्ये आली आणि ड्रोनविरुद्ध सर्वांत भरवशाची ठरली. अंधार असो, ढग असो, रडार आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दोन्ही तोफा मिळून मिनिटाला ११००च्या आसपास गोळे. गाडीत विमानविरोधी गोळे साधारण ६४०. सलग दाबून धरलं तर अर्ध्या मिनिटात गाडी रिकामी! म्हणून छोट्या छोट्या फैरी. तरी गोळे कमी पडले, कारण दारूगोळा स्विस बनावटीचा आणि स्वित्झर्लंडने तटस्थतेच्या कायद्यावर बोट ठेवून तो युक्रेनला द्यायला परवानगी नाकारली. शेवटी राइनमेटाल या शस्त्रकंपनीने जर्मनीत नवीन उत्पादन सुरू केलं तेव्हा २०२३ मध्ये पुरवठा मार्गी लागला. गाडी की तोफ असं भांडताय, इथे दोन्ही हजर होतं आणि अडलं गोळ्यापाशी.

पिकअपप्रेमींसाठी आणखी एक. हौद्यात काहीही ठोकता येत नाही. झेडयू-२३-२ ही दुनळी विमानविरोधी तोफ एकटीच ९५० किलोच्या आसपास भरते. म्हणजे माणसं आणि गोळे चढायच्या आधीच बहुतेक पिकअपची भारक्षमता संपत आली. मग पाटे बसतात, आडवी फैर झाडली की गाडी डोलते, दुसरा गोळा भलतीकडे. लिबियात २०११ साली हेलिकॉप्टरचे रॉकेट-पॉड पिकअपवर चढवले होते, युक्रेनमध्येही दिसले. ती रॉकेटं वेगात उडणाऱ्या यंत्रावरून सुटावीत म्हणून बनवलेली. उभ्या गाडीवरून सुटली की कुठे पडतील ते त्यांनाच ठाऊक. व्हिडिओ मात्र झकास येतात.

सावकाश_जा

तोफखान्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. 'गाडीवर बसवलेली तोफ' म्हटलं की मला फ्रान्सची सीझर आणि स्वीडनची आर्चर या ट्रकवरच्या तोफा आठवतात. आर्चरमध्ये २१ गोळे आपोआप भरतात, माणसं चिलखती केबिनमधून उतरतच नाहीत. थांबा, फैर झाडा, पसार व्हा. शत्रूच्या रडारने जागा शोधून उलट मारा करेपर्यंत तुम्ही तिथे नसता. २०२२ मध्ये सगळे म्हणत होते की ओढून न्यायच्या तोफांचा जमाना गेला.

मग आकाशात चोवीस तास ड्रोन आले आणि पळणं हाच गुन्हा झाला. रस्त्यावर हलणारा ट्रक लांबून दिसतो, पाठलाग करून मारता येतो. झाडीत खड्डा खणून, वर जाळी टाकून लपवलेली ओढतोफ सापडायला कठीण, सापडली तर दुरुस्त करायला सोपी, आणि स्वस्त. युक्रेनची स्वतःची बोहदाना तोफ ट्रकवर बसवलेली म्हणून गाजली. त्याच बोहदानाची त्यांनी पुढे ओढायची आवृत्ती काढली. ट्रक काढून टाकायला पैसे मोजले म्हणा ना!

तिरकस

कासव-रणगाडे राहिले की! एप्रिल २०२४ पासून रशियाने रणगाड्यांवर पत्र्याची अख्खी शेडच चढवली, ड्रोन वरच्यावर फुटावेत म्हणून. त्यातल्या कित्येकांचा बुरूज फिरेना, म्हणजे तोफ असून नसल्यासारखी. तरी गाडी चालली, कारण सुरुंगांतून वाट काढत मागच्यांना पुढे न्यायचं होतं. @कोरा_कागद, हा घ्या तुमचा तोफ सोडलेला रणगाडा. यात 'वर काय बसवलंय' याचं उत्तर काय? गोदाम?

कोरा_कागद

हसलो. पण एका उदाहरणावरून नियम काढू नये. ते कासव तोफेशिवाय मेलेल्या रणगाड्याचं लक्षण आहे, यशाचं नाही. मागून येणाऱ्यांना उतरवून पुढे काय झालं ते बघा, कित्येक कासवं शेवटी गाठली गेलीच.

@दारूगोळा_खातं, गेपार्डला माझा विरोध नाहीच. पण त्या एवढा मोठा देश झाकायला किती मिळाल्या? काही डझन. पिकअप प्रत्येक प्रांतात उभा करता आला. डोलणाऱ्या गाडीचं खरं आहे. म्हणून तर बहुतेक पथकं झेडयू-२३ ला मोठा ट्रक देतात आणि पिकअपवर १२.७ च ठेवतात.

उलटा_पाना

तुमचा पिकअप २०२३ चा आहे. २०२५ मध्ये शाहेद दोन-तीन किमी उंचीवरून यायला लागले, आणि लक्ष्यावर आल्यावर सूर मारतात. १२.७ मिमीची मशीनगन रात्रीच्या अंधारात तिथवर काय करणार? सर्चलाइट टाकून टाटा करणार? म्हणून तर युक्रेनने शाहेद पाडणाऱ्या इंटरसेप्टर ड्रोनवर जोर दिला.

कोरा_कागद

आणि ती इंटरसेप्टरवाली पथकं रात्री जागा बदलत कशातून फिरतात? पिकअप आणि व्हॅनमधूनच. शिवाय शाहेदला वर ढकललं कुणी? खालून मशीनगन होत्या म्हणूनच तो वर गेला. वर गेला की रडारला लवकर दिसतो, हाही फायदाच.

उलटा_पाना

म्हणजे पिकअप राहिला आणि हौद्यातली मशीनगन गेली. 'गाडी कोणती हे नंतर, वर काय बसवलंय ते आधी' हे तुमचंच पहिलं वाक्य ना?